खालून चौथी ओळ

माझ्या भावाची कारकीर्द एका ओळीत मावते.
वार्काउसच्या वाचनालयातलं जाडजूड वार्षिक,
पान दोनशे सोळा, खालून चौथी ओळ:
ह्यूर्यलाइनेन, वेइयो. बचावपटू. डावखुरा.
मग बारा हिवाळ्यांचे आकडे, मुंग्यांसारखे,
आणि अगदी कडेला, शिवणीत अर्धं गेलेलं:
अमेरिका. सामना एक. गोल शून्य.
शिक्षा, मिनिटं दोन.

या ओळीत आमचं तळं नाही.
कागदगिरणीची पाळी संपली की बाबा
पहारीनं बर्फाला भोक पाडत
आणि हात घालून जाडी बघत:
चार बोटं भरली की पोरं,
वीत भरली की टपालाची गाडी.
चौथं बोट भिजण्याआधीच
वेइयोच्या पायात स्केट चढलेले असत.

गोलात मी.
कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं, आणि मी धाकटी.
त्याचेच जुने स्केट, आत मोज्यांचे तीन जोड,
नडग्यांना सुतळीनं बांधलेले गिरणीतले पुठ्ठे.
चकती लागली तरी मी ब्र काढत नसे.
रडलं की पापण्या गोठतात,
मग पुढची चकती दिसत नाही.

सतराव्या वर्षी तो बसमध्ये चढला.
कुओपिओ, ओउलु, मग समुद्रापलीकडे लुलेओ.
पत्र नाही. महिन्यातून एक फोन:
"बरं चाललंय."
आई त्या दोन शब्दांवरून ओळखायची
बोट मोडलंय की दात पडलाय.
दात पडला असेल तर 'च' शीळ घालायचा.

मग ओहायोतला कुठलासा धाकटा संघ,
दोन हिवाळे बसच्या मागच्या बाकावर,
आणि एका मंगळवारी
वरच्या संघातल्या कुणाला तरी ताप आला.

पहाटेचे साडेतीन, एइनारीचं स्वयंपाकघर.
साऱ्या गल्लीत शॉर्टवेव्ह त्याच्याकडेच होता.
मासे तळावेत तसा रेडिओ चरचरत होता
आणि त्या तेलात कुठेतरी माझा भाऊ.
आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं,
ती फक्त नावाची वाट बघत होती.
कॉफी दोनदा गार झाली.
बाबा खिडकीबाहेर बघत राहिले, जणू तिकडून दिसणार होतं.
मग निवेदकानं आमच्या आडनावाचे तीन तुकडे केले,
तरी आईनं ते जोडून घेतले.
"काय म्हणाला? काय केलं वेइयोनं?"
शाळेत इंग्रजी शिकलेली मी एकटीच.
"चांगलं खेळतोय," मी म्हणाले.

पुढचं फारसं काही नाही.
तापवाला बरा झाला. वेइयोचा गुडघा गेला.
तो परतला, गिरणीत लागला,
गिरणीतली त्याची वर्षं कोणत्याच वार्षिकात नाहीत.

आईला पोचवून आलो त्या मार्चमध्ये
आम्ही तळ्यावर बादल्या उपड्या घालून बसलो होतो,
गळ पाण्यात, मासा नाही.
तो आपणहून बोलला. असं क्वचितच होतं.
"काचेच्या त्या खोक्यात बसवलं मला,
आणि पहिल्यांदा नीट बघितला खेळ.
कसले पळत होते, मायरे.
मी त्यांच्यातला नव्हतो, तेव्हाच कळलं.
पण बघ ना,
दोन मिनिटं ते सगळे,
पाच इकडे, चार तिकडे,
माझ्यामुळे तसे खेळत होते."
मग त्यानं गळ वर काढला, आमिष तसंच होतं.

आईला मी काय सांगितलं होतं
हे तेव्हा सांगता आलं असतं.
माझ्या डाव्या नडगीवर एक खळगा आहे,
त्यात अजून अंगठा बसतो.
तेही आम्ही बोलत नाही.

यंदा डिसेंबर अर्धा सरला तरी तळं कुरकुरतंय.
पाठीमागे नातवंडं स्केटच्या नाड्या ओढत उभी.
वेइयो भोक पाडतो, वाकतो, स्वतःचा हात बघतो.
ती बोटं इतक्यांदा मोडून जुळलीत
की त्याची चार म्हणजे कुणाचीही पाच.
"तुझा घाल," तो म्हणतो.
मी हातमोजा काढते.
एक. दोन. तीन.
पोरं श्वास धरून.
मी हात तसाच ठेवते,
अजून जरा वेळ.